इशारा कोणाचा, भरवसा कोणावर

२०१७ च्या जुलैमध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात, दिंद्रुड पोलीस ठाण्यात एक तक्रार आली. तक्रारदार आनंदगावचे शेतकरी, आणि तक्रार थेट भारतीय हवामान खात्याच्या पुणे व कुलाबा इथल्या अधिकाऱ्यांविरुद्ध. खात्याने जून-जुलैच्या पावसाचा अंदाज फुगवून सांगितला, त्या भरवशावर आम्ही पेरलं, पावसाने दडी मारली आणि बियाणं-खतांचा पैसा मातीत गेला. बियाणं आणि कीटकनाशकं विकणाऱ्या कंपन्यांशी खात्याचं संगनमत आहे, तेव्हा फसवणुकीचा गुन्हा दाखल करा, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही बातमी तेव्हा पुष्कळांनी गंमत म्हणून वाचली. मला ती गेल्या काही वर्षांतली हवामानाविषयीची सर्वात गंभीर बातमी वाटते. त्या शेतकऱ्यांचा आरोप नीट पाहावा. खात्याला हवामान कळत नाही, असं ते म्हणत नव्हते. खात्याला कळतं, पण ते आपल्या बाजूचं नाही, असं ते म्हणत होते. अज्ञानाचा आरोप असेल तर चांगली यंत्रं आणून, जास्त शास्त्रज्ञ नेमून तो खोडता येतो. हेतूवरच्या आरोपाला यंत्र पुरत नाही.

खात्याची बाजूही खोटी नव्हती. त्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सुधारित अंदाज आला होता: देशभरात मिळून सरासरीच्या ९८ टक्के पाऊस, चार टक्के कमी-अधिक धरून. हंगाम संपला तेव्हा देशात ९५ टक्के पाऊस झाला होता. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने अंदाज आपल्या मर्यादेत बसला. पण देशाच्या सरासरीवर कोणी कापूस लावत नाही. चेरापुंजीचा आणि जैसलमेरचा पाऊस एकत्र करून काढलेली टक्केवारी माजलगावच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली ती ‘यंदा पाऊस चांगला’ एवढ्याच तीन शब्दांत. जून बरा गेला, पेरण्या झाल्या, जुलैत खंड पडला. मराठवाड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्यासाठी जूनअखेर ते जुलै या काळातला पंधरा-वीस दिवसांचा खंड म्हणजे दुबार पेरणी. दुबार पेरणी म्हणजे पुन्हा बियाणं, पुन्हा उधारी आणि बऱ्याचदा पुन्हा सावकार. हंगामाच्या एकूण बेरजेत हा खंड दिसतही नाही.

अमेरिकेत हवामान बदलावरचा वाद अजून ‘हे खरं आहे का’ या प्रश्नाभोवती फिरतो आणि उत्तर माणसाच्या पक्षावर ठरतं. आपल्याकडे हा प्रश्न जवळपास नाहीच. पावसाळा मागे सरकला, पडतो तेव्हा कोसळतो, मार्चमध्ये गारपीट होते, आंब्याचा मोहोर दोनदा जळतो, हे इथे कोणाला पटवावं लागत नाही. ऐकायला बसलात तर लोकच तुम्हाला सांगतील. शंका आहे ती पुढच्या गोष्टीविषयी. हे बदललेलं हवामान पुढे करून आमच्या जमिनीचं, घराचं, पिकाचं काय करणार आहात? आणि ते करणारे तुम्ही कोण? आपल्या राज्यात हवामान बदलाला मिळणारा प्रतिसाद या दोन प्रश्नांवर अडलेला आहे असं मला वाटतं. थर्मामीटरवर तो अडलेला नाही.

सरकारी अंदाजावर विश्वास नाही, म्हणून शेतकरी अंदाजाशिवाय राहतो असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात घट आखून गोलाकार अठरा धान्यं मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवून त्यावर पाण्याची घागर, तिच्यावर पापड, करंजी, वडे. रात्री तिथे कोणी थांबत नाही. पहाटे कोणतं धान्य सरकलं, कोणतं ढेकूळ किती विरघळलं ते पाहून वाघ घराण्यातले महाराज पीकपाण्याचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते. विदर्भ-खानदेशातून शेतकरी ऐकायला येतात आणि दुसऱ्या दिवशी ते भाकीत सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत असतं.

दुसरं उदाहरण अगदी आजचं. परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्याचे पंजाबराव डख यांचे अंदाज मोबाइलवरून गावोगाव जातात. त्यांच्या पद्धतीवर हवामानशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि शास्त्राच्या दृष्टीने ते रास्त आहेत. तरीही हा माणूस इतका ओळखीचा झाला की २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीतून वंचित बहुजन आघाडीने त्यांना उमेदवारी दिली. खात्याच्या लोकांनी त्यांच्यावर चिडण्यापेक्षा त्यांचं बोलणं नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. ते तारखा सांगतात, जिल्ह्यांची नावं घेतात, सोयाबीन काढून ठेवलं असेल तर झाकून घ्या म्हणतात. बोलतात ते शेतकऱ्याशी, शेतकऱ्याच्या बोलीत. खात्याची पत्रिका ‘तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी’ असं सांगून थांबते. तुरळक म्हणजे माझं शिवार की शेजारचं, हे ती सांगू शकत नाही, आणि सांगू शकत नाही हेही ती स्पष्टपणे सांगत नाही.

दरम्यान जी सरकारी साखळी हे अंतर बुजवू शकली असती तिचं काय झालं? २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं उभी राहिली. देशभरात १९९. तालुक्याचा अंदाज घ्यायचा, त्यावरून पेरणी-फवारणीचा सल्ला मराठीत लिहायचा, तो शेतकऱ्याच्या फोनवर पाठवायचा, असं त्यांचं काम. २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. चार-पाच हंगाम चालून लोकांना सवय लागायला लागते तेव्हाच एखादी गोष्ट बंद करायची, यापेक्षा भरवसा मोडण्याचा खात्रीचा उपाय मला ठाऊक नाही.

माणसं धोका कसा तोलतात याचा अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी आयुष्यभर केला. १९८७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी मांडलेलं मुख्य म्हणणं असं होतं: तज्ज्ञ धोका मोजतात तो साधारणपणे मृत्यूंच्या आकड्यात, आणि सामान्य माणूस त्यात इतर बऱ्याच गोष्टी धरतो. हा धोका मी आपणहून पत्करला की कोणी लादला? ओळखीचा आहे की अनोळखी? आवरता येईल का? फायदा एकाला आणि झळ दुसऱ्याला असं तर नाही? तज्ज्ञ याला अज्ञान म्हणत आले. स्लोविक यांनी दाखवलं की त्यात एक विचार आहे आणि तज्ज्ञांच्या मोजमापात तो सुटतो. पुढे १९९३ मध्ये त्यांनी विश्वासाबद्दलही लिहिलं: तो उभा राहायला फार वेळ लागतो, मोडायला एक प्रसंग पुरतो, कारण वाईट बातमी ठळक दिसते, ध्यानात राहते आणि खरी वाटते.

या सगळ्याची सर्वात मोठी परीक्षा बंगालच्या उपसागराच्या किनाऱ्यावर झाली.

१२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आजच्या बांगलादेशात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, भोला बेटाच्या परिसरात चक्रीवादळ धडकलं. किमान तीन लाख माणसं गेली. इशारा नव्हता असं नाही. रेडिओवर तो गेला होता, आणि नंतरच्या पाहणीत असं दिसलं की दहातल्या नऊ माणसांना वादळ येतंय हे माहीत होतं. पक्क्या इमारतीत आसरा घेतला तो शंभरात जेमतेम एकाने. आधीच्याच महिन्यात एका वादळासाठी मोठा गलबला झाला होता आणि ते म्हणावं तसं आलं नव्हतं. शिवाय जायचं कुठे? गुरं कोणाच्या हवाली करायची? इशारा देणारं सरकार हजार मैलांवर, बोलणार ते परक्या भाषेत, आणि एरवी दिसणार ते सारा वसूल करताना.

१९७२ मध्ये नव्या देशात चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला. रेड क्रॉसने तो उभा केला, सरकारने पुढच्या वर्षी त्यात वाटा उचलला. त्याचं मर्म उपग्रहात नव्हतं. गावातलाच माणूस स्वयंसेवक नेमायचा, त्याच्या हाती भोंगा आणि सायरन द्यायचा, आणि धोका वाढेल तसे गावात एक, दोन, तीन झेंडे चढवायचे. शेजारी दारात येऊन ‘चल’ म्हणाला की माणूस निघतो, कारण वादळ चुकलं तरी उद्या त्याला त्याच शेजाऱ्यासमोर उभं राहायचं असतं. गुरांसाठी मातीची उंच टेकाडं बांधली गेली. हे काही एका झटक्यात झालं नाही. १९९१ च्या वादळात पुन्हा एक लाख अडतीस हजार माणसं मेली आणि त्यात बायका फार जास्त होत्या. निवारे पुरेसे नव्हते. होते तिथे परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची बायकांची तयारी नव्हती. घर सोडायचा निर्णय त्यांच्या हातात नव्हता. मग निवारे वाढले, बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या, स्वयंसेवकांत बायका आल्या. आज शहात्तर हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांतल्या निम्म्या स्त्रिया. २००७ च्या ‘सिद्र’ वादळात मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास होते. १९७० शी तुलना केली तर या आकड्याचा अर्थ कळतो.

आपल्या ओडिशाने हेच केलं. १९९९ च्या ऑक्टोबरमधल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेल्यावर तिथे स्वतंत्र आपत्ती प्राधिकरण आलं, किनाऱ्यावर निवारे उभे राहिले, वर्षानुवर्षं रंगीत तालमी झाल्या. १२ ऑक्टोबर २०१३ ला गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आलं तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. त्या वेळी परदेशी संस्था हे महाचक्रीवादळ होणार असं सांगत होत्या, तर आपलं हवामान खातं वाऱ्याचा वेग ताशी २२० किलोमीटरच्या आसपास राहील या आपल्या अंदाजावर ठाम होतं. खातं बरोबर ठरलं. दिंद्रुडला ज्याच्यावर तक्रार झाली तेच हे खातं, चारच वर्षं आधीचं. मग फरक कशात? ओडिशात इशारा ऐकून निघालेल्या माणसाला पुढे निवारा मिळाला, शिजवलेलं अन्न मिळालं आणि परतल्यावर नुकसानीचा पंचनामा झाला. इशाऱ्यापुढची साखळी तिथे तुटली नाही.

आता सह्याद्रीत या. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुक्यातलं माळीण: १५१ मृत्यू. गाव गाडलं गेल्याची खबर बाहेर गेली ती सकाळच्या एसटीच्या चालकामुळे, त्याला नेहमीच्या जागी गाव दिसलं नाही म्हणून. २२ जुलै २०२१, महाड तालुक्यातलं तळीये: ऐंशीहून अधिक. १९ जुलै २०२३ ची रात्र, खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी: २७ मृतदेह हाती आले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. सह्याद्रीत थोड्या तासांत कोसळणारा पाऊस वाढतो आहे, डोंगरउतारावरची माती तो पेलत नाही, हे आता वादाचं राहिलेलं नाही. मग लोक हलत का नाहीत?

दर जूनमध्ये दरडप्रवण गावांना तहसील कार्यालयाची नोटीस जाते. पावसाळ्यात सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा. कुठे ते बहुधा शाळेची खोली किंवा नातेवाइकांचं घर. किती दिवस ते कोणीच सांगत नाही. गुरांचं काय, भाताची लावणी याच दिवसांत असते तिचं काय, याबद्दल कागद गप्प. अशी नोटीस दहा वर्षं आली आणि दहा वर्षं डोंगर जागेवर राहिला, तर अकराव्या वर्षी ती वाचली जात नाही. नोटीस काढणाऱ्यालाही ती वाचली जाईल अशी आशा असते का, अशी मला शंका येते. बऱ्याचदा तिचा उपयोग पुढे ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणण्यापुरता होतो. आणि इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती. हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. यादीत नाव असलेल्यांवर दरड येत नाही आणि नाव नसलेली वाडी रातोरात जाते, हे पाहिलेल्या माणसाने यादीवर विश्वास कसा ठेवायचा?

शिवाय या डोंगरांना पुनर्वसनाचा अनुभव आहे. धरणाविरुद्धचा मुळशीचा सत्याग्रह १९२१ चा. कोयनेच्या धरणग्रस्तांची नातवंडं अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. माळीणच्या वाचलेल्यांना आमडे इथे नवं गाव मिळालं ते २०१७ च्या एप्रिलमध्ये, आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, पाया आणि भिंतींभोवतीची माती वाहिली. तळीयेचे लोक किती तरी काळ कंटेनरमध्ये राहिले. कोकणातल्या प्रत्येक वाडीला ही बातमी ठाऊक आहे. डोंगराचा धोका ओळखीचा आहे, आजोबांपासूनचा आहे. तहसीलदार सांगतो त्या घराचा धोका अनोळखी. स्लोविक यांचं संशोधन न वाचताही वाडीवरची म्हातारी हा हिशेब करते, आणि तो हिशेब मला चुकीचा वाटत नाही. चुकीची आहे ती परिस्थिती, जिच्यात तिला असा हिशेब करावा लागतो.

पश्चिम घाटाच्या संरक्षणाची गोष्ट याहून क्लेशकारक आहे, कारण तिथे विज्ञान आणि लोक एकाच बाजूला येऊ शकले असते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. कुठे काय चालेल, काय चालणार नाही याचे तीन स्तर त्यात सुचवले होते आणि अंतिम निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावा असं म्हटलं होतं. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आम्हाला संवेदनशील क्षेत्र हवं आहे असे ठराव केल्याचं गाडगीळ वारंवार सांगत आले. पण अहवाल मंत्रालयाने दाबून ठेवला. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये तो लोकांसमोर आला. तोही इंग्रजीत, पाचशेहून अधिक पानांचा. मधल्या काळात गावात काय पोहोचलं? घर दुरुस्त करता येणार नाही, झाड तोडता येणार नाही, शेती बंद होणार, वनखातं येणार. ज्यांना खाणी आणि क्रशर चालवायचे होते त्यांना या अफवा सोयीच्या होत्या. पण अफवेला जागा करून दिली ती अहवाल दडवणाऱ्यांनी. नंतर कस्तुरीरंगन समिती आली, संवेदनशील क्षेत्र घाटाच्या ३७ टक्क्यांवर आलं, निर्णय ग्रामसभेकडून पुन्हा दिल्लीकडे गेला; आणि २०१३ च्या नोव्हेंबरात केरळच्या डोंगराळ भागात जाळपोळ झाली. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरडींनी गावं नेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्याची अधिसूचना पुन्हा काढली: ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यातले १७,३४० महाराष्ट्रात. तेरा वर्षं, मसुद्यामागून मसुदा, आणि ज्याच्या सातबाऱ्यावर याचा परिणाम व्हायचा त्याच्याशी सरळ मराठीत बोलणं अजून बाकीच.

चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर हाच अविश्वास वेगळ्या रूपात दिसला. पाणी आभाळातून आलं की कोळकेवाडी धरणातून, यावर शहर आणि प्रशासन यांचं एकमत झालं नाही. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखली, तेव्हा बाजारपेठेने ती धोक्याची खूण मानली नाही, आपल्या बांधकामावर आणि मालमत्तेच्या भावावर आलेलं संकट मानलं. लोकांनी आंदोलन केलं ते वाशिष्ठी नदीतला गाळ काढा म्हणून. गाळ डोळ्यांना दिसतो, काढला की दिसतो आणि त्याची जबाबदारी कोणाची हेही ठरवता येतं. गाळाने पूर किती उतरेल यावर तज्ज्ञांत दुमत असू शकतं. पण पूररेषेच्या आधी गाळ निघाला असता तर रेषेवरचं बोलणं ऐकून घेतलं गेलं असतं.

‘निसर्ग’ चक्रीवादळ ३ जून २०२० ला दिवेआगर-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा इशारा नेमका होता आणि लोक वेळेत हलले. तिथे घात झाला तो नंतर. नुकसानभरपाईचे निकष हेक्टरी. कोकणातली वाडी गुंठ्यांची, तीत दाटीने सुपारी, नारळ, मिरवेल, जायफळ. हेक्टरी हिशेबाने हातात आलेली रक्कम पडलेली झाडं उचलायलाही पुरेना. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली: सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. सुपारीचं झाड फळ धरायला सहा-सात वर्षं घेतं. पन्नास रुपये घेऊन घरी आलेला बागायतदार पुढच्या वेळी सरकारचं हवामानाविषयीचं कोणतंही बोलणं कोणत्या कानाने ऐकेल?

मराठवाड्यात हाच प्रश्न पर्जन्यमापकाभोवती येऊन थांबतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तरच अतिवृष्टी. मंडळात दहा-पंधरा गावं, यंत्र एका ठिकाणी. यंत्रावर साठ आणि आठ किलोमीटरवरच्या शिवारात बांध फुटलेले, हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतं. पीकविम्यात नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागे, तीही ओढ्याला पाणी आणि फोनला रेंज नसताना. २०२३ मध्ये राज्याने विमा एक रुपयात दिला. अर्ज विक्रमी आले, त्यात बोगस अर्जही निघाले, आणि २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. विम्यासारखी गोष्ट बदललेल्या हवामानात शेतकऱ्याचा मुख्य आधार व्हायला हवी होती. ती दर दोन वर्षांनी नियम बदलणारी सोडत झाली.

पाऊस मोजण्याचं काम लोकांच्या हाती आलं की काय होतं, ते नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला पाहायला मिळतं. पाऊस कमी पडणाऱ्या या गावात दर वर्षी पावसाची नोंद गावच ठेवतं, विहिरींच्या पातळ्या गावच मोजतं, आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचला जातो. पाणी कमी असेल तर रब्बीत काय घ्यायचं नाही हे तिथे ठरतं. ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअर नाही, हे नियम गावाने स्वतःवर घातले आणि दशकानुदशकं पाळले. सरपंच म्हणून पोपटराव पवारांनी दिलेलं नेतृत्व, रोजगार हमीचा नीट वापर, वनखात्याचं सहकार्य, ही कारणं सगळे सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते मोजणं. ऊस लावू नका असं जिल्हाधिकाऱ्यांनी सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला असता. इथे आकडा गावाच्या डोळ्यांसमोर काढलेला असतो, त्यामुळे त्यात कोणाचा डाव असेल ही शंका उरत नाही, आणि निर्णयाची झळ सरपंचाच्या शेतालाही तेवढीच बसते.

प्रत्येक गाव हिवरे बाजार होणार नाही, आणि ते व्हावं म्हणून थांबायला वेळही नाही. पण काही कामं अशी आहेत ज्यांना ना नवं विज्ञान लागतं ना मोठा निधी. पश्चिम घाटाच्या मसुद्यातली प्रत्येक गावाची बंधनं एका पानावर मराठीत लिहून ग्रामसभेत वाचता येतील. दरडीच्या नोटिशीत कुठे जायचं, किती दिवस, गुरं कुठे बांधायची, हे लिहिता येईल, आणि ती बजावायला तलाठ्याबरोबर त्याच वाडीतली, दरडीची चिन्हं ओळखायला शिकवलेली एखादी बाई जाऊ शकेल. मंडळाच्या पर्जन्यमापकावरचा रोज सकाळचा आकडा मंडळातल्या प्रत्येक गावच्या ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, आदल्या दिवशीच्या अंदाजाशेजारी, खडूने लिहिता येईल. अंदाज चुकला तर तोही तसाच राहू द्यावा, संध्याकाळपर्यंत.